पाटील की तोतया?

गेल्या आषाढातली गोष्ट. शाळा सुटून पोरे पांगली होती आणि मी वर्गाच्या खिडक्या लावून घेत होतो. बाहेर भुरभुर पाऊस लागलेला. वळून पाहतो तो दारात माझा एक जुना विद्यार्थी! आता तिशीच्या पुढे गेलेला, अंगाने आडदांड. पण मास्तरांपुढे उभे राहताना अजूनही एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकणारा. तासगावच्या बाजूला त्याची दोन एकर द्राक्षबाग आहे.

"सर, एक विचारायचं होतं. माणसाला आपलं नाव विकता येतं का?"

मला वाटले, सात-बाराच्या उताऱ्याची काही भानगड असावी. पण प्रकार निराळाच निघाला. इंटरनेटवर द्राक्षबागायतदारांची एक चावडी आहे म्हणे. तिथे ज्याला अडचण येईल त्याने प्रश्न टाकावा, ज्याला उत्तर ठाऊक असेल त्याने द्यावे. या पोराने नऊ वर्षांपूर्वी तिथे एक टोपणनाव घेतले. छाटणी कधी करावी, घड जिरतात ते कशाने, कोणते औषध कशात मिसळू नये, अशी शेकडो उत्तरे त्याने दिली. खरे नाव कोणालाच ठाऊक नाही. पण टोपणनावापुढे नऊ वर्षांची कमाई उभी आहे. किती उत्तरे दिली, किती जणांनी आभार मानले, सारे तिथेच दिसते. त्याने 'फवारा' म्हटले की पन्नास जण पंप पाठीवर घेतात!

आणि आता फवारणीची औषधे विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्याला फोन केला होता. ते नाव आणि त्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, आमच्या हवाली करा. सत्तर हजार रुपये देतो. अट एकच. कोणाला कळता कामा नये.

"सोसायटीचं कर्ज थकलंय, सर. गेल्या साली अवकाळीनं सगळा माल झोपवला. आणि यात मी कुणाची चोरी करतोय असंही नाही. नाव माझं, मेहनत माझी. मग विकलं तर काय बिघडलं?"

बिघडले काय, ते मला चटकन सांगता येईना. काहीतरी बिघडते आहे एवढे मात्र वाटत होते. अशा वेळी मास्तर लोक जे करतात तेच मी केले. म्हटले, "आठ दिवसांनी ये."

मी मॅट्रिक झालेला शिक्षक आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. संशोधकांच्या पंगतीला बसण्याचा माझा अधिकार नाही. पण त्यांनी वाढून ठेवलेले ताट मी आवडीने चाटूनपुसून खातो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले; १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले; आणि तेव्हापासून वाड्यावाड्यांतल्या माळ्यांवरून उतरवलेले कागद छापून निघत आले. त्यांत लढायांपेक्षा भांडणे पुष्कळ. आणि भांडणे कसली? वतनाची. त्या आठ दिवसांत मी हीच पाने उलटीत बसलो, कारण नावाची खरेदी-विक्री हा धंदा आपल्या वाडवडिलांनी इंटरनेटच्या पुष्कळ आधी करून ठेवला होता.

वतन हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ जन्मभूमी. आपल्याकडे त्याचा अर्थ झाला पिढ्यान्‌पिढ्या चालणारे काम आणि त्या कामाबद्दलचे हक्क. पाटलाची पाटीलकी, कुलकर्ण्याचे कुलकर्ण, परगण्याला देशमुख-देशपांडे. पाटलाला इनाम जमीन असे, रयतेकडून धान्य येई, तेल्याकडून तेल आणि चांभाराकडून जोडा येई. पण पाटलाचा जीव या जिनसांत नसे. त्याचा जीव असे मानपानात! पोळ्याला वेशीतून पहिला बैल कोणाचा जाणार, होळीची पहिली पोळी कोणाची, लग्नात पहिला विडा कोणाला, वाजंत्री पहिल्यांदा कोणाच्या दारात वाजणार, यांवर डोकी फुटत आणि दावे तीन-तीन पिढ्या चालत. आजच्या वाचकाला याचे हसू येईल. पण सभेत आपली खुर्ची मागच्या रांगेत लागली म्हणून रुसलेले दोन-चार साहित्यिक मी स्वतः पाहिले आहेत, तेव्हा आपण बेताने हसावे हे बरे.

असे हे जिवाहून प्यारे वतन विकले जाई का? जाई. क्वचित सबंध, पुष्कळदा निम्मे. कारण बहुधा एकच असे: पैशाची नड. गावाच्या वसुलाला पाटील जबाबदार. दुष्काळ पडला, रयत परागंदा झाली, तरी सरकारचा तगादा पाटलाच्या दारात. १६३० ते १६३२ चा दुष्काळ तर असा, की दख्खनेत गावेच्या गावे ओस पडली. अशा वेळी पाटील दागिने मोडी, बैल विकी, आणि सगळे संपले म्हणजे वतनाला हात घाली. माझ्या विद्यार्थ्याचे थकलेले कर्ज आणि झोपलेला माल यांत आणि त्या पाटलात मला तरी फार अंतर दिसेना.

परंतु विकण्याची रीत पाहा. पाटलाने रात्री सावकाराच्या ओसरीवर जाऊन पैसे मोजून घेतले आणि सकाळी दुसराच इसम पाटील म्हणून चावडीत बसला, असे चालत नसे. गोत जमवावे लागे. गोत म्हणजे नुसते नातलग नव्हेत. गावचे मिरासदार, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावांचे पाटील, परगण्याचे देशमुख-देशपांडे, सरकारी अंमलदार, असे सारे बसत. मग कागद होई. त्यात विकणारा सांगे, की अमुक कारणाने मजवर अरिष्ट आले, म्हणून मी आपल्या राजीखुषीने निम्मी पाटीलकी अमक्यास अमुक रकमेला दिली. आता लेकराचे लेकरी त्याने खावी, यात माझा कोणी भाऊबंद अडथळा करील तर मी निवारीन. कागदाखाली निशाण्या पडत: पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, ज्याचे जे हत्यार ते त्याची सही. सरकार आपली नजर घेई. आणि मजकुरात कलमामागून कलम येई ते मानाचे! पोळ्याला दोघांचे बैल कसे चालावेत, विडा आधी कोणाला, शिरपाव आला तर पहिला कोणी घ्यावा. वडीलपणाचा मान विकणारा बहुधा आपल्याकडे राखून ठेवी, आणि घेणारा त्याचा धाकटा भाऊ ठरे. रक्ताचा संबंध नाही, कित्येकदा गावही एक नाही. पण वतन घेतले म्हणून भाऊ! मला या रिवाजाचे फार नवल वाटते. नाव विकत घेणाऱ्याने नुसते नाव घेऊन भागत नसे. त्याला नाते घ्यावे लागे, आणि नाते म्हटले की त्याचे ओझेही आले.

हे वतन घ्यायला कोण धडपडत? मोठमोठे सरदार! सरंजाम म्हणजे सरकारची मर्जी; आज आहे, उद्या नाही. वतन मात्र सहसा हलत नसे. म्हणून लाखांच्या फौजा बाळगणारे लोक चिमुकल्या गावांच्या पाटीलक्या मिळवीत. महादजी शिंदे हे सातारा प्रांतीच्या कण्हेरखेडचे वंशपरंपरागत पाटील. दिल्लीच्या बादशहाचा कारभार त्यांच्या हाती आला, तरी लोकांच्या तोंडी ते पाटीलबावाच राहिले. १७९२ साली बादशहाकडून आणलेली वस्त्रे त्यांनी पुण्यात सवाई माधवरावांना दिली, आणि त्याच सुमारास पेशव्यांचे जोडे हाती घेऊन आपले मूळचे काम हेच असे दाखवले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. नाटकीपणा त्यात असेल. मी कादंबरीकार आहे, मला तो ओळखू येतो. पण 'पाटील' या शब्दाची किंमत तो माणूस जाणत होता एवढे खरे.

याच पाटीलबावांच्या हातून दुसऱ्या एका माणसाचा पाडाव झाला, आणि त्या माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण भाऊ गेले हे पुष्कळांच्या मनाने घेतलेच नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई रणातून परत आल्या त्या सौभाग्याची लेणी लेवूनच, आणि १७८३ साली मरेपर्यंत त्यांनी ती उतरवली नाहीत. जिथे घरच्यांचे मन असे, तिथे मुलखाचे काय सांगावे! एवढ्या मोठ्या विश्वासाचे नाव बेवारस पडले होते. ते कोणीतरी उचलणारच. उत्तरेकडे एक इसम 'मीच भाऊ' म्हणून उठला. थोरल्या माधवरावांच्या अमदानीत तो हाती लागला, त्याची चौकशी झाली, तोतया ठरला आणि किल्ल्यांवर कैदेत पडला. गोष्ट इथे संपायची. पण नारायणरावांच्या खुनानंतर राज्यात गोंधळ माजला, आणि १७७६ साली रत्नागिरीच्या किल्लेदारानेच त्याला मोकळे करून 'भाऊ' म्हणून उभे केले. कोकणातले किल्ले भराभर त्याला सामील झाले, फौज जमली. लोक वेडे नव्हते. लोकांनी ज्याला मुजरा केला तो माणूस नव्हे, ते नाव होते. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे त्याच्यावर चालून गेले. तो समुद्रमार्गे निसटला आणि कुलाब्यास राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि त्याला देहदंड मिळाला.

मला या प्रकरणात तोतयापेक्षा त्याच्यामागे गेलेल्या शिपायांचा विचार येतो. त्यांतले किती जण मेले, ते कोणी मोजले नाही. भाऊंसाठी मरतो आहोत असे समजून ते मेले, आणि भाऊ तिथे नव्हतेच.

आता वाचक म्हणतील, मास्तर, म्हणजे उघड विकले की पुण्य आणि चोरून विकले की पाप, एवढे सोपे आहे काय? नाही. उघड विक्रीतही अनर्थ होतात. इंग्रजांच्या सैन्यात पायदळ आणि घोडदळ यांतल्या अधिकाऱ्यांच्या जागा राजरोस विकत मिळत. १८२१ चा सरकारी दर असा होता, की पायदळातल्या सर्वांत खालच्या जागेला ४५० पौंड आणि लेफ्टनंट कर्नलच्या जागेला ४,५०० पौंड. वरकड रक्कम टेबलाखालून, ती वेगळी. आर्थर वेलस्ली हा १७९३ साली भावाकडून पैसे घेऊन असाच लेफ्टनंट कर्नल झाला, आणि दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आपल्या जालन्याकडच्या असईच्या मैदानावर त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा मोड केला. विकत घेतलेला हुद्दा, पण आत माणूस निघाला! नेहमी निघतोच असे नाही. लॉर्ड कार्डिगन हाही पैसे मोजून चढलेला. हिंदुस्थानात वर्षानुवर्षे नोकरी करून अनुभव मिळवलेले आपल्या पलटणीतले अधिकारी त्याला तुच्छ वाटत. १८५४ साली क्रिमियात तोफांच्या तोंडी गेलेल्या त्या प्रसिद्ध घोडदळाच्या अग्रभागी तोच होता. चुकीच्या हुकुमाचा दोष एकट्या त्याचा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ही विक्री १८७१ साली बंद झाली. कंपनी सरकारच्या हिंदी फौजेत मात्र ती नव्हतीच. तिथे बढती जागा धरून बसणाऱ्याला, म्हणजे ज्येष्ठतेने मिळे. तीही काही फार शहाणपणाची रीत नव्हे. पण तो विषय आमच्या खात्याच्या फारच जवळचा असल्यामुळे सोडून देतो.

आणि वतनाच्या गोडव्याचीही दुसरी बाजू आहे. जे पाटलाला भूषण तेच महाराला बेडी. त्याचेही ते वतनच. पण त्यापायी रात्री-अपरात्री सरकारी कामाला पळायचे आणि मोबदल्यात शिळी भाकर व तुटपुंजे बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध बिल आणले ते उगीच नव्हे. १८७४ च्या कायद्याने सरकारी मंजुरीवाचून वतन परक्याला देण्याला अटकाव झालाच होता. पुढे स्वराज्यात १९५० साली कुलकर्णी गेले, १९५८ च्या कायद्याने गावकामगारांची कनिष्ठ वतने गेली, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही गेली. गेली ते चांगले झाले. मला ती परत नको आहेत.

मला हवी आहे ती त्या कागदातली एकच गोष्ट: गोताची बैठक. पाटलाचे वतन त्याच्या मालकीचे होते, तरी ते विकताना गावाला बोलावावे लागे, कारण उद्यापासून मुजरा गावाने करायचा होता. आता माझ्या विद्यार्थ्याचे नाव घ्या. नऊ वर्षांची मेहनत त्याची, हे कबूल. परंतु विश्वास? तो त्याने निर्माण केला नाही; तो शेकडो अनोळखी बागायतदारांनी त्याच्यापाशी ठेवला. मेहनत ही मालमत्ता असेल, पण विश्वास ही ठेव आहे, आणि ठेवीदाराला न विचारता ठेव विकणाऱ्याला आपल्या भाषेत बरा शब्द नाही. शिवाय पाटीलकी हा हक्क होता. हक्क एका हातातून दुसऱ्या हातात जातो. पानावरचा डाग पाहून रोग ओळखणारी नजर जात नाही. म्हणजे घेणाऱ्याला मिळणार काय? नुसती पगडी. आणि ती पगडी घालून तो ज्यांना औषध सांगणार, त्यांना आत कोण आहे हे कळायचे नाही.

हा बाजार आज जगभर आहे. खेळांतली कमावलेली खाती पूर्वी ईबेवर लिलावात निघत. २००७ साली ईबेने तो लिलाव बंद केला. खोटे चाहते आणि खोटे अभिप्राय विकण्या-घेण्याला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ साली नियम करून मनाई केली. खाते दुसऱ्याच्या हवाली करू नये असे बहुतेक कंपन्या आपल्या अटींत लिहून ठेवतात. त्या अटी वाचलेला इसम मात्र मला अजून भेटायचा आहे.

आठ दिवसांनी पोरगा आला. मी त्याला भाऊंच्या तोतयाची गोष्ट सांगितली, निम्म्या पाटीलकीचीही सांगितली. तो निमूटपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सर, गोष्टी चांगल्या आहेत. पण सोसायटीवाले गोष्टी घेत नाहीत."

हे उत्तर माझ्या चांगलेच वर्मी लागले. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार घेणाऱ्याने कर्जबाजारी माणसाला नीती शिकवावी, यात एक प्रकारचा निर्लज्जपणा आहे. मी म्हटले, "नको विकूस असं मी म्हणत नाही. विक. पण दवंडी पिटून विक."

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग व्हरांड्यात गेला आणि त्याने तिथूनच फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. "रक्कम तुमचीच, सत्तर. नाव देतो, किल्ली देतो. फक्त आधी मी दोन ओळी लिहिणार. आजपासून हे नाव अमक्यांनी घेतलंय, त्यांचा औषधांचा धंदा आहे, इथून पुढची उत्तरं त्यांची... हो, सगळ्यांना दिसेल असं... का बरं?"

मग बराच वेळ तो गप्प. आत आला तेव्हा चेहऱ्यावर हसू होते. पण ते आनंदाचे म्हणवत नव्हते.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मग मी विकत काय घ्यायचं?"

सत्तर हजार गेले. त्याने एक एकर बाग दोन हंगामांसाठी चुलत्याला वाट्याने दिली आणि सोसायटीचे तोंड तात्पुरते बंद केले. मी त्याचे नुकसान केले की काय, हा विचार माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. त्याची आई मला भेटते तेव्हा मी थोडा बाजूने चालतो.

दसऱ्याला सोने द्यायला त्याच्या वस्तीवर गेलो होतो. जेवणे झाली, अंगणात खाट टाकून बसलो. एवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल किणकिणला. नाशिककडच्या कोणा बागायतदाराने पानाचे चित्र पाठवले होते आणि खाली विचारले होते, ही भुरी का? याने दोन बोटांनी चित्र मोठे करून, मान तिरकी करून पाहिले.

"सर, एवढ्यावरनं सांगता येत न्हाई. डावणीबी असंल. तिचा पांढरा लेप पानाच्या खालच्या अंगाला असतो."

आणि हात पुसून त्याने टाइप करायला घेतले, 'पान उलटून फोटो पाठवा.'